मामांचं सिमेंट

गेल्या फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळची मिस्सा आटपून माणसं बाहेर पडलेली, चर्चच्या पावसाकडच्या भिंतीला बांबूची परांची बांधलेली आणि आम्ही सातआठ जण तिथं सिमेंटचा गिलावा सोलत होतो. म्हणजे सोलत होते बाकीचे, मी खाली बुट्टी घेऊन ढिगारा उचलायला, कारण उंचीवर गेलं की माझं डोकं फिरतं हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं. सिमेंट असं निघत होतं की काय सांगू, छिन्नी टेकवायची, हातोड्याचा एक ठोका, आणि परातीएवढा पापुद्रा एकदम खाली धप्प. मागून ओली लाल माती सुटायची, तिचा वास म्हणजे वापर बंद झालेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसला. सुतारमामा कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. मिटलेली छत्री काठीसारखी टेकलेली (फेब्रुवारीत छत्री कशाला हे त्यांना कुणी विचारत नाही), रविवारचा इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. मला वाटलं चहाची वाट बघत असतील. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे सिमेंट आमी लावलेलं." आणि माझ्या तोंडातनं पटकन गेलं, "म्हणून तर काढायला लागलंय मामा!"

सगळे हसले. मामापण हसले.

मग त्यांनी पायाशी पडलेला एक तुकडा चपलेच्या टोकानं उलटा केला. त्याच्या पाठीवर जांभ्याची सगळी भोकं उमटलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. ते जरा वेळ बघितलं, "घट्ट हाय की पण" एवढंच म्हणाले आणि छत्री टेकत टेकत निघून गेले. चहा न घेता. संध्याकाळी बेळगावला परत येताना बसमध्ये खिडकीची सीट मिळाली, तर एरवी मी झोपतो, त्या दिवशी झोप आली नाही. मामा रागावले नव्हते हे मला माहीत होतं, पुढच्या रविवारी आलेपण. पण ते "घट्ट हाय की" घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. भाताचे दोन घास गिळले तरी जात नाही तसं.

मी ख्रिश्चन नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाव खानापूर तालुक्यातलं, आमचं घर चर्चपासून हाकेच्या अंतरावर, आता मी बेळगावात टिळकवाडीत राहतो आणि उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात हिशोब बघतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव लहान आहे आणि मामा एकच आहेत. मला या कामात ओढलं ते भक्तीनं नाही, अविश्वासानं. म्हणजे चर्चच्या कमिटीत दोन पार्ट्या, एकीचा दुसरीवर काडीचा विश्वास नाही, पैसे कोण सांभाळणार यावर तीन मीटिंगा फिसकटल्या, तेव्हा फादर म्हणाले, बाहेरचा माणूस बघा. दोन्ही पार्ट्यांना मी सारखाच परका. झालं. दर रविवारी सकाळची बस धरून यायचं, पावती पुस्तकं तपासायची, बँकेचं पासबुक जुळवायचं, आणि उरलेल्या वेळात बुट्टी उचलायची असं ठरलं. बुट्टीचं आधी कुणी बोललं नव्हतं, ते आपोआप झालं.

देणगीचा हिशोब ठेवण्यासारखं माणसं ओळखायचं दुसरं साधन नाही. क्यूआर कोडचा बोर्ड चर्चच्या दारात लावला तर पहिल्या दिवशी ११ रुपये, २१ रुपये असं यायला लागलं, पोरं मोबाइलवर ट्राय करून बघत होती. लाखाची घोषणा केलेला एक जण अजून "पुढच्या महिन्यात" वर आहे, आणि भाजी विकणारी एक आजी दर रविवारी ५० ची नोट घडी घालून देते, पावती नको म्हणते, मी पावती फाडतोच, ती पावती तिथंच टेबलावर ठेवून जाते. माझ्याकडे तिच्या पावत्यांचा गठ्ठा झालाय, त्याचं काय करायचं कळत नाही. निम्म्या फोनवाल्यांचा पहिला प्रश्न, ऐंशी जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट, मिळतंय काय? नाही मिळत. देऊळ, मशीद, चर्च, काही असो, सरकारनं ऐतिहासिक किंवा नामांकित म्हणून नाव जाहीर केलं असेल तर दुरुस्तीच्या देणगीला ती सवलत, आमच्या चर्चला कोण जाहीर करतोय. आणि सगळ्यात गंमत परदेशातल्या पैशाची. कुवेतला असलेला पोरगा भारतीय पासपोर्टवाला, त्यानं आपल्या पगारातले बँकेतनं पाठवले तर चालतात. त्याचाच चुलतभाऊ, ज्याचे आजोबा गोव्यातले, त्या जोरावर त्यानं पोर्तुगीज पासपोर्ट काढलाय आणि आता इंग्लंडमध्ये असतो, त्याचे मात्र विदेशी देणगी धरतात, त्याला दिल्लीचं रजिस्ट्रेशन लागतं, ते आमच्याकडे नाही. दोघांची मुंज, सॉरी, दोघांचा पहिला कम्युनियन एकाच दिवशी याच चर्चमध्ये झालेला. मी त्याला फोनवर समजावून सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मी आता परका काय रे?" मी म्हटलं, कायद्यानं. तो म्हणाला, बरं. त्या बऱ्यावर काय बोलायचं असतं?

तर सिमेंट. आमच्याकडची जुनी बांधकामं जांभ्या चिऱ्याची, हे इथल्या माणसाला सांगायला नको. चिरा खाणीतनं काढताना मऊ, कुऱ्हाडीनं तासता येतो, वाऱ्यावर आला की कडक होतो. पण तो स्पंजासारखा, जमिनीतली ओल वर ओढून घेतो. वरून चुन्याचा गिलावा असला की ती ओल चुन्यातनं बाहेर पडते, भिंत पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते, गुरांसारखं तिचं आपलं चालू असतं. त्यावर सिमेंट थापलं की बाहेरची वाट बंद. मग ओल वर वर चढत जाते, आधी गुडघ्यापर्यंत होती ती खांद्यापर्यंत येते, मागे दगड भुसभुशीत होतो, मिठासारखा पांढरा लोणा फुटतो, आणि बाहेरून सिमेंट आपलं छान, गुळगुळीत, रंग लावलेलं. आमच्या चर्चला आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, डाव्या बाजूला तर ओल छताच्या वाशांपर्यंत पोचली, तिथनं वाळवी लागली, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी भर मिस्सेत कौलांसकट एक वासा खाली आला. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासनं त्या बाजूच्या बाकांवर कुणी बसेना, आणि मगच कमिटीला जाग आली. हे सगळं मला कळलं ते बेळगावच्या एका मुलीकडून, जुन्या इमारतींचं शिकून आलेली, फुकट येते, येताना स्वतःचा डबा पण स्वतःच घेऊन येते. गावात तिला सगळे मॅडम म्हणतात, वयानं माझ्या भाचीएवढी असेल.

पहिल्या मीटिंगमध्ये तिचं ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक पार्टी म्हणत होती टाइल्स लावा, खालून पाच फूट, धुवायला बरं. दुसरी म्हणत होती सगळा गिलावा काढून लाल दगड तसाच उघडा ठेवा, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चसारखा, हेरिटेज दिसेल. आमच्याकडची कितीतरी माणसं डिसेंबरात सेंट झेवियरच्या सणाला जुन्या गोव्याला चालत जातात, त्याच्या २०२४ च्या शवदर्शनाला तर गावातनं दोन गाड्या भरून गेल्या, त्यामुळं ती लाल बॅसिलिका सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. मॅडम शांतपणे म्हणाली, ती लाल नव्हतीच. सगळे गप्प. बॉम जेझू १६०५ साली पूर्ण झाली, आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षं चुन्याच्या गिलाव्यात पांढरी होती, बाकीच्या गोव्याच्या चर्चेससारखी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका पोर्तुगीज आर्किटेक्टनं, बाल्ताझार काश्त्रू त्याचं नाव, ती जुनी दिसावी म्हणून गिलावा खरवडून काढला. तेव्हापासनं प्रत्येक पावसात तो उघडा जांभा झिजत चाललाय. म्हणजे आपण ज्याला चारशे वर्षांचं जुनं रूप समजून हात जोडतो ते माझ्या वडिलांच्या वयाचं. एक म्हातारा मागून म्हणाला, "मग आमी इतकी वर्सं काय बघितलं?" मॅडमकडे त्याला उत्तर नव्हतं. पण चुना मंजूर झाला.

घरी गेलो की मी अप्पांना सगळं सांगतो. अप्पांना ऐकायला कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. त्या रविवारचं सांगितलं, मामांचं आणि माझ्या पांचट बोलण्याचं, तर अप्पांनी सुपारी कातरायची थांबवली. म्हणाले, "वाळू आपल्या गाडीतनं गेली."

मला माहीतच नव्हतं. १९८१ साली म्हणे. तेव्हा सिमेंट परमिटवर. आत्ताच्या पोरांना हे खरं वाटणार नाही, पण सिमेंटच्या पोत्यासाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज करायचा, कशासाठी पाहिजे ते लिहायचं, साहेबाची सही, मग डेपोत नंबर. सिमेंट इतकं दुर्मिळ की शेजारच्या महाराष्ट्रात त्याच्या वाटपाच्या भानगडीवरनं मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली, १९८२ ची गोष्ट, आणि त्याच वर्षी सरकारनं कंट्रोल थोडं सैल केलं. पण चर्चचं काम त्याच्या आदल्या वर्षीचं. सुतारमामा तेव्हा तिशीतले, कमिटीत सगळ्यात तरुण, म्हणून हेलपाटे त्यांच्याकडे. अप्पा सांगतात, मामा जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला तालुक्याला चालत जायचे, कधी चार पोती मिळायची कधी दोन, कधी नुसतंच उद्या या. मिळालेली पोती बैलगाडीतनं आणायची आणि मामांच्याच घरात माळ्यावर फळ्या टाकून रचायची, कारण खाली ओल लागली तर गठ्ठा बसतो, मग ते दगडच. तो पावसाळा मामांची बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई स्वयंपाकघरात झोपली, बाकी घर सिमेंटला दिलेलं. पोत्यांवर गोधड्या घातलेल्या. माणसांना पांघरूण कमी पडलं पण सिमेंटला पडलं नाही, हे अप्पांचं वाक्य, आणि ते सांगताना अप्पा हसत होते, मी नाही हसू शकलो.

पैसा कुठला, तर लिलावाचा. नव्या भाताच्या सणाला चर्चच्या अंगणात लिलाव व्हायचा, पहिली काकडी, कोंबडा, नारळाचा घड, फणस, कुणी काय देईल ते. दोन रुपयांची काकडी चाळीस रुपयांना जायची, आणि विकत घेणारा ती परत लिलावात टाकायचा. मी लहान असताना तसले लिलाव बघितलेत, सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे सुतारमामाच असायचे. म्हणजे त्या भिंतीवर होतं ते नुसतं सिमेंट नव्हतं, काकड्या आणि कोंबडे होते. आणि मलप्रभेची वाळू, आमच्या गाडीतली. मी अप्पांना म्हटलं, मग तुम्ही पण हातभार लावला की तेव्हा. अप्पा म्हणाले, "हातभार कसला, भाडं अजून यायचंय."

लहानपणी त्या भिंतीला टेकून आम्ही चिंचा खायचो. ऊन असलं तरी भिंत गार असायची, आणि आम्हाला वाटायचं देवाची भिंत म्हणून गार. आता कळतं ती ओल होती. ख्रिसमसला शेजारून नेवऱ्या आणि दोदोल यायचा, गणपतीत आमच्याकडनं मोदक जायचे, असं लिहिलं की लोक लगेच एकोप्याचा सुविचार करून फॉरवर्ड करतात, म्हणून हेपण लिहितो की बांधावरनं त्याच शेजाऱ्यांशी आमची केस वीस वर्षं चालली, आणि पहाटेच्या घंटेवरनं आमची आज्जी रोज न चुकता शिव्या द्यायची, आणि घंटा वाजली नाही की "आज काय झालं गं त्यांना" म्हणून चौकशीलापण तीच जायची. चर्चमध्ये आम्ही पोरं मागच्या दारानं शिरायचो, मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण गोळा करायला. आत अंधार, लाकडी छताचा वास, कौलात बसवलेल्या काचेतनं उन्हाची एक पट्टी खाली यायची, तिच्यात धूळ तरंगायची. मला ती पट्टी म्हणजेच त्यांचा देव वाटायचा. कुणाला विचारलं नाही.

आणि आमच्या देवळाचं काय झालं तेपण सांगायला पाहिजे, नाहीतर मी फार शहाणा ठरतो. फणसाच्या लाकडाचे खांब होते सभामंडपाला, हात फिरवून फिरवून काळे गुळगुळीत झालेले. दहाएक वर्षांपूर्वी पाडलं. स्लॅब टाकला, ग्रॅनाइट घातलं, स्टीलचं गेट. मी ५००० दिले, पाटीवर नाव आहे, तिसऱ्या ओळीत. तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, उलट मीटिंगमध्ये पक्कं होतंय तर होऊ दे म्हणालो. पक्कं. हा शब्द आमच्याकडे फार मोठा आहे. मातीच्या घरात वाढलेल्या माणसाला पक्कं म्हणजे काय वाटतं हे ज्याचं घर पावसात पडलंय त्यालाच कळेल. चुना तेव्हा गरिबाचा, सिमेंट म्हणजे इंजिनियरचं, धरणाचं, सरकारचं. त्यांनी आपल्या देवाला जे सगळ्यात भारी मिळत होतं ते लावलं. खांब कुठं गेले मी अजून विचारलेलं नाही.

हलशीच्या नरसिंहाच्या देवळाचं बरं आहे, पुरातत्त्वाचा निळा बोर्ड आहे, सरकारी माणूस आहे, कुणी हात लावू शकत नाही. ज्याला बोर्ड नाही त्याला भक्त असतात.

चुन्याचं काम सुरू केलं ते बागलकोटकडच्या एका गवंड्यानं. त्याला मराठी येत नाही, आमच्या पोरांचं कन्नड शाळेतलं, म्हणजे "बंदिदे, होगिदे" एवढं. तो चुन्याच्या मालाला गारे म्हणायचा, आमच्यात गारा म्हणजे चिखल, त्यामुळं पहिले दोन दिवस पोरं माती कालवत बसली. तिकडं सगळीकडे सीमेच्या घोषणा चाललेल्या, बेळगावात बंद, आणि इथं एक कन्नड गवंडी कोकणी बोलणाऱ्या बायकांना मराठी पोरांमार्फत सांगतोय की चुन्यात घालायचा हिरडा फार बारीक कुटू नका. पावती पुस्तक कुठल्या भाषेत छापायचं यावर मात्र दोन तास भांडण झालंच, नाही असं नाही. शेवटी वर कन्नड, खाली मराठी, आणि रकमेची जागा सगळ्यात मोठी.

कळीचा चुना विरवताना कधी बघितलाय? पांढरे दगड खड्ड्यात टाकायचे, पाणी सोडायचं, थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम आतनं कोंडलेलं जनावर जागं झाल्यासारखं खदखदायला लागतं. वाफ, तडतड, कडेला उभं राहिलं तर चेहऱ्याला झळ. एका कॉलेजच्या पोरानं रील काढायला वाकून बघितलं, गवंड्यानं त्याला कॉलर धरून मागं ओढला आणि कन्नडमध्ये जे काय बोलला ते भाषांतर न करता सगळ्यांना कळलं. डोळ्यात गेला तर डोळा जातो. मग तो चुना महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवला, लोण्यासारखा झाला, खरंच लोण्यासारखा, बोट बुडवावंसं वाटतं आणि बुडवायचं नसतं. त्यात वाळू, खानापूरच्या विटांचा चुरा, आणि गूळ-हिरड्याचं पाणी. ते पाणी पिंपात आठ दिवस आंबवलेलं, झाकण उघडलं की असला वास सुटायचा की गावातले दोन ठरलेले गडी संध्याकाळी पिंपाभोवती घुटमळायला लागले. मुंग्यांची तर जत्रा. बायका दुपारी घरचं आवरून हिरडा कुटायला यायच्या, गप्पांचा फड जमायचा, आणि मी माझ्या हिशोबाच्या टेबलावरनं ऐकायचो, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय ते. एकदा त्यातल्या एकीनं विचारलं, "भावजी, तुमच्या वहीत आमच्या कुटण्याचे किती लिवले?" मी म्हटलं, ते पैसे नाहीत ना. ती म्हणाली, "म्हंजे लिवलं न्हाय." तेव्हापासनं मी एक वेगळं पान केलंय, तारीख आणि नावं. बेरीज करता येत नाही त्या पानाची.

सगळ्यांना आशा होती की सिमेंटखाली काहीतरी सापडेल. पोर्तुगीज अक्षरं, जुनं चित्र, निदान बांधल्याचं साल. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ चा, त्याआधी हा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपकडे, त्यामुळं जुनी कागदपत्रं असली तर तिकडं, आणि गावात नुसत्या आठवणी. एक माणूस म्हणायचा तीनशे वर्षं झाली, दुसरा म्हणायचा दीडशे. भिंत पूर्ण सोलून झाली आणि सापडलं काय, तर कुंभारमाशीची मातीची घरं, एक दाढीचं गंजकं ब्लेड, आणि दरवाज्याच्या वर, परांचीवरनंच हात पोचेल अशा जागी, ओल्या सिमेंटात चार बोटं दाबल्याची खूण. पोरांनी फोटोबिटो काढले. मॅडम म्हणाली हे फक्त चाळीस वर्षांचं आहे, ठेवून उपयोग नाही, मागचा दगड भिजतोय. बरोबर होतं तिचं. तो तुकडापण गेला. मामा त्या दिवशी आले नव्हते आणि मी त्यांना कधी विचारलं नाही की ती बोटं कुणाची. विचारणार होतो दोनदा.

ढिगारा बराच झाला. ट्रॅक्टरवाला फुकट नेईना, तेव्हा पंचायतीतला एक जण म्हणाला चर्चमागच्या गल्लीत टाका, पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल होतो. टाकला, वर मुरूम पसरला, रोलर नव्हता म्हणून ट्रॅक्टर पुढंमागं केला. त्या गल्लीत तिसरं घर सुतारमामांचं. हे माझ्या लक्षात आलं ते काम झाल्यावर. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, पण मला आठवडाभर तोंड दाखवायची लाज वाटली. मामांनीच हाक मारून बोलावलं, चहा दिला, आणि खिडकीतनं बाहेर बोट दाखवून म्हणाले, "बरं झालं बघा. आता म्हातारीला मिस्सेला जाताना पाय घसरायचं भ्या न्हाय." काकूंच्या, म्हणजे मामांच्या बायकोच्या, हातात तेव्हा वॉकर होता. त्याच काकू, त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात झोपलेल्या.

एप्रिलमध्ये शेवटचा हात झाला. ओली गोणपाटं लावून भिंत झाकलेली, चुना हळूहळू धरला पाहिजे, घाई केली की तडकतो, म्हणून पोरं पाळी लावून पाणी मारायची. मेच्या सुरुवातीला वळीव कोसळला आणि आम्ही सगळे आपापल्या घरातनं भिंतीचाच विचार करत होतो. गोणपाटं काढली त्या दिवशी भिंत नुसती पांढरी नव्हती, तिच्यात एक साईसारखा पिवळसरपणा होता, संध्याकाळच्या उन्हात तर बघत राहावं. ठरवलं होतं त्यापेक्षा पैसे कमी जमले, त्यामुळं मागची भिंत आणि घंटेचं छप्पर अजून तसंच, वहीत साडेतीन लाखाची तूट मी लाल पेननं लिहिलीय. लाखाची घोषणावाला अजून पुढच्या महिन्यातच आहे. भाजीवाल्या आजी मध्यंतरी वारल्या. त्यांच्या पावत्यांचा गठ्ठा त्यांच्या लेकाला द्यायला गेलो तर तो म्हणाला, आईनं कधी सांगितलंच नाही.

जुलैत गेलो तेव्हा चार दिवस संततधार होती, आमच्याकडचा पाऊस म्हणजे माहितीच आहे. चर्चमध्ये शिरलो, चपला काढल्या, आत कुणी नव्हतं, फक्त मामा. त्या डाव्या बाजूच्या बाकावर बसलेले, जिथं कुणी बसत नव्हतं. मला बघून उठले, भिंतीपाशी गेले आणि कमरेच्या उंचीवर तळहात टेकवून उभे राहिले, डॉक्टर पोट तपासतो तसे. मला म्हणाले, हात लावा. लावला. गार होती भिंत. तेवढ्यात जागी रंगपण जरा गडद दिसत होता, ताटाएवढा डाग.

"वल हाय की अजून," मामा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, त्यांच्या आवाजात एक बारीकसा आनंद होता, आणि मला त्याचा राग आला नाही, उलट कुठंतरी बरंच वाटलं. पण मी हिशोबनीस, मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मॅडमनं सांगितलेलं सगळं म्हणून दाखवलं, की इतक्या वर्षांची कोंडलेली ओल एका उन्हाळ्यात जात नाही, ती आता बाहेर पडतीय म्हणूनच दिसतीय, दोनतीन उन्हाळे जाऊ देत, हे चांगलं लक्षण आहे, चुना लय दिवस टिकतो, काही काळजी करू नका.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. हात शर्टाला पुसला, दाराशी ठेवलेली छत्री उचलली, आणि उघडता उघडता म्हणाले,

"आमास्नी बी असंच सांगितलेलं."

आणि पावसात, गल्लीकडं वळले.